सुटे कॉमिक्स थांबवून संग्रह घ्यावेत का? आणि घ्यायचे तर काय तपासून?

कोपऱ्यातला_कप्पा:

अमेरिकन कॉमिक्सचे सुटे अंक घेणं थांबवून यापुढे फक्त पुस्तकरूपातले संग्रह घ्यायचा विचार आहे. कारणं नेहमीचीच. अंकाला चार-पाच डॉलर, त्यात गोष्टीची पानं वीस-बावीस, अध्येमध्ये जाहिराती, आणि एक अंक चुकला की पुढचं सगळं अडतं. कप्प्यातली जागा संपली ते वेगळंच.

पण शोधायला गेलं की एकाच मालिकेचे ट्रेड पेपरबॅक, डिलक्स, ओम्निबस, कम्पेंडियम, एपिक, अ‍ॅब्सोल्यूट असे सतराशे साठ प्रकार समोर येतात. यातलं कोणतं कशासाठी? सुट्या अंकात असलेलं संग्रहात काय काय नसतं? क्रम कसा लावायचा? आणि दोन पानांवर पसरलेली चित्रं मधल्या घडीत गिळली जातात, ते आधीच कसं ओळखायचं?

शेवटचा प्रश्न जरा वेगळा. वेताळ-मँड्रेकवाल्या 'इंद्रजाल कॉमिक्स'चे मराठीतले साठेक सुटे अंक आहेत. कोणी संग्रह छापेल म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा ते बाइंडरकडून बांधून घेता येतील का?

'आता सगळं मोबाइलवर मिळतं' हा प्रतिसाद गृहीत धरला आहे, त्यामुळे तो नको. :)

---

उत्तररात्र:

आधी मोजमापं. सुटा अंक म्हणजे बहुधा ३२ पानं अधिक कव्हर, मधोमध दोन पिना, आकार साधारण साडेसहा बाय सव्वादहा इंच. ट्रेड पेपरबॅक जवळपास त्याच आकाराचं, कागदी कव्हरचं, पाच-सहा अंकांचं. डिलक्स म्हणजे पुठ्ठाबांधणी, आकार किंचित मोठा, दहा-बारा अंक. ओम्निबस म्हणजे पंचवीस-तीस किंवा त्याहून जास्त अंक, हजाराच्या आसपास पानं, वजन दोन-तीन किलो. अ‍ॅब्सोल्यूट हा डीसी या अमेरिकन प्रकाशन कंपनीचा शाही प्रकार: सुमारे ८ बाय १२ इंच, खोक्यात घातलेला. चित्रं डोळे भरून बघण्यासाठी उत्तम, पण झोपून वाचायला निव्वळ शिक्षा.

कम्पेंडियमचा (चाळीस-पन्नास अंकांचं एकच जाडजूड, कागदी कव्हरचं पुस्तक) फायदा 'द वॉकिंग डेड' या मालिकेच्या हिशोबात लगेच दिसतो. २००३ ते २०१९ मध्ये १९३ अंक निघाले. ट्रेड घ्यायचे तर ३२ पुस्तकं, कम्पेंडियम घ्यायचे तर ४. पहिल्या तिघांत प्रत्येकी ४८ अंक, चौथ्यात ४९. मालिका कृष्णधवल, त्यामुळे साध्या कागदावरही काही बिघडत नाही. संपलेली, लांबलचक आणि एकाच लेखकाची मालिका असेल तर कम्पेंडियमला तोड नाही.

दुसरी मोठी कंपनी मार्व्हल, तिचे एपिक कलेक्शन २०१३पासून येतात. कागदी कव्हर, पानं चारशे-पाचशे. यात नवखा माणूस हमखास फसतो. कण्यावरचा आकडा हा कथेच्या कालक्रमातला आकडा आहे, प्रकाशनाचा नाही. पुस्तकं मात्र मधूनच कुठूनही काढली जातात. म्हणजे ७ आणि ९ बाजारात आहेत, ८ अजून छापलंच नाही, असं होतं. 'माझा खंड हरवला' म्हणून शोधत बसू नये.

२०२४पासून डीसीने छोट्या आकाराची 'कॉम्पॅक्ट' पुस्तकं काढली, साडेपाच बाय साडेआठ इंच, किंमत ९.९९ डॉलर. गोष्ट वाचायला स्वस्तात मस्त. पण चित्राबरोबर फुग्यातली अक्षरंही आक्रसतात, तेव्हा चाळिशी लागलेल्यांनी आधी एक पान उघडून बघावं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. संग्रहाचं शीर्षक आणि 'खंड १' हे शब्द यांच्यावर अजिबात विसंबू नका. या कंपन्या दर दोन-चार वर्षांनी मालिका पुन्हा अंक १ पासून सुरू करतात, म्हणून एकाच नायकाचे पाच-सहा वेगवेगळे 'खंड १' बाजारात असतात. त्यात जुनी पुस्तकं नव्या कव्हरने पुन्हा येतात, कधी दोन जुने ट्रेड एकत्र करून नवा 'खंड १' निघतो. बघायची ती एकच ओळ: यात कोणकोणते अंक आहेत. ही मलपृष्ठावर तळाशी बारीक अक्षरात किंवा आत स्वामित्वहक्काच्या पानावर असते. मालिकेचं नाव, सुरू झाल्याचं वर्ष आणि अंक क्रमांक वहीत उतरवून घ्या आणि पुढचं पुस्तक त्या वहीशी ताडून मगच घ्या. मागवताना तेरा आकडी आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक) द्या. ओम्निबसच्या बाबतीत तर बऱ्याचदा एकाच मजकुराला दोन वेगळी कव्हरं आणि दोन वेगळे आयएसबीएन असतात, त्यामुळे नुसत्या नावाने मागवलं तर नको ते कव्हर गळ्यात पडतं.

क्रमाबद्दल नंतर लिहितो, तो विषय मोठा आहे.

---

फॉर्म_सोळापानी:

घडीच्या प्रश्नाला छपाईच्या बाजूने उत्तर देतो.

सुटा अंक सेंटर पिनचा असतो. कागद मधोमध दुमडून घडीवरच पिन मारलेली, त्यामुळे अंक पूर्ण सपाट उघडतो आणि दोन पानांवरचं चित्र सलग दिसतं. ट्रेड पेपरबॅक बहुतेक वेळा परफेक्ट बाइंडिंगचं असतं. म्हणजे घड्या कापून टाकायच्या, सुट्या पानांची कड खरवडायची आणि तिला गरम डिंकाने कव्हर चिकटवायचं. असं पुस्तक सपाट उघडत नाही. दोन्ही बाजूंचे पाच ते दहा मिलीमीटर आत वळतात, आणि जाडी जितकी जास्त तितकं जास्त. गर्दीचा प्रसंग असेल तर फारसं जाणवत नाही. पण चित्रकाराने नेमका चेहरा किंवा फुगा मध्यावर ठेवला असेल, तर वाचकाला अर्धं नाक आणि अर्धा शब्द एवढंच मिळतं. काळजी घेणारे प्रकाशक अशा पानांवर चित्राचे दोन अर्धे थोडे बाहेर सरकवतात, म्हणजे घडीत रिकामी पट्टी जाते, चित्र नाही.

खरेदीपूर्वी तपासायची रीत सोपी आहे. पुस्तक बंद ठेवून वरून कण्याकडे बघा. दुमडलेल्या कागदांचे छोटे छोटे गठ्ठे, म्हणजे जुज, दिसले तर शिवलेलं आहे. सरळ रेषेत सुटी पानं आणि त्यांना लागून डिंकाचा थर दिसला तर नुसतं चिकटवलेलं. पाच-सहा अंकांचं पुस्तक चिकटवलेलं असलं तरी चालतं. पाचशे पानांच्या पुढे शिलाई हवीच. ऑनलाइन घेताना हे दिसत नाही, तिथे कुणीतरी पुस्तक उघडून दाखवलेली चित्रफीत शोधणं हाच उपाय.

जाड पुस्तक आलं की मधोमध उघडून दाबायचा मोह टाळा, डिंक तिथेच तडकतो. कणा टेबलावर टेकवा, सुरुवातीची दहा-पंधरा पानं उघडून हलक्या हाताने दाबा, मग शेवटची दहा-पंधरा, असं आलटूनपालटून मध्यापर्यंत या. पाच मिनिटांचं काम आहे.

आता संग्रहात पानं अशी का मांडलेली असतात याचा हिशोब. सम पान डावीकडे, विषम उजवीकडे. आजच्या अंकात गोष्टीची २० पानं धरा. त्याआधी मूळ कव्हरचं एक पान, म्हणजे २१. ही संख्या विषम, त्यामुळे पुढचा अंक उलट्या बाजूला सुरू होईल, आणि त्यातली जोडपानं फुटतील: अर्धं चित्र या पानावर, उरलेलं पान उलटल्यावर. म्हणून आणखी एक पान घालतात, दुसरं कव्हर किंवा चक्क कोरं. झाली २२. सहा अंकांची १३२, त्यात शीर्षक-श्रेयांची ४ मिळवली की १३६, म्हणजे ८ पानांचे बरोबर १७ फॉर्म (फॉर्म म्हणजे एकाच मोठ्या कागदावर छापून दुमडलेली पानं). ट्रेड पेपरबॅकवर १३६ हा आकडा इतका वारंवार दिसतो तो असा. मधलं कोरं पान बघून 'छपाई राहिली' अशी तक्रार करणाऱ्यांना हे सांगावं लागतं.

हिशोब चुकला तर काय होतं? सुट्या अंकात जाहिरातींमुळे गोष्टीचं पान डावीकडे पडेल की उजवीकडे हे बदलत असतं. पान उलटल्यावर बसायचा जो धक्का लेखकाने योजलेला असतो, तो जाहिराती काढल्यावर समोरच्याच पानावर येऊन बसतो आणि नजर आधीच तिकडे जाते. 'वॉचमेन' या मालिकेला (१९८६-८७) हा त्रास कमी, कारण तिथे बहुतेक अंकांत चित्रकथेची २८ पानं आणि शेवटी ४ पानं मजकूर, म्हणजे बरोबर ३२. पाचव्या प्रकरणाची पानं आरशासारखी मांडलेली आहेत, पहिलं शेवटच्याशी जुळतं, दुसरं त्याआधीच्याशी, आणि मध्याची १४-१५ ही पानं एकमेकांसमोरच यावी लागतात. एक पान इकडचं तिकडे झालं की सगळी करामत वाया.

युरोपात हे गणित आधीच पुस्तकाच्या बाजूने सुटलेलं होतं. फ्रेंच-बेल्जियन अल्बम बहुधा ४८ पानांचा, म्हणजे १६ पानी तीन फॉर्म. साप्ताहिकात पान-दोन पानं येत राहायची, पण गोष्ट बेतलेली असायची ती अल्बमच्या मापाने. अ‍ॅस्टेरिक्स १९५९ साली 'पिलोत' साप्ताहिकात सुरू झाला आणि पहिला अल्बम १९६१ साली आला. पुढे बहुतेक साप्ताहिकं मिटली, अल्बम राहिले.

रंगांचंही बघा. जुने अंक वर्तमानपत्री कागदावर छापले जात. तो कागद शाई पितो, म्हणून रंगाऱ्याने रंग मुद्दाम भडक दिलेले. तेच रंग चकचकीत पांढऱ्या कागदावर जसेच्या तसे छापले की डोळ्यांत खुपतात. त्यामुळे काही संग्रहांत रंग पुन्हा भरले जातात. बॅटमॅनची 'द किलिंग जोक' १९८८ची, रंगारी जॉन हिगिन्सच्या जांभळ्या-नारिंगी रंगांची. २००८च्या आवृत्तीत चित्रकार ब्रायन बोलंडने स्वतः सगळं फिकट आणि थंड रंगांत पुन्हा रंगवलं. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवल्या तर गोष्टीचा बाजच बदललेला दिसतो. कोणती हवी ते ठरवून घ्या, दुकानदार आपणहून सांगत नाही.

---

दोन_पिना:

वरचं सगळं पटलं, पण 'सुटे अंक थांबवा' याला माझा विरोध. निदान सरसकट थांबवू नका.

हे अंक विकले जातात ती व्यवस्था समजून घ्या. १९७०च्या दशकात अमेरिकेत खास कॉमिक्सच्या दुकानांना थेट माल देण्याची पद्धत सुरू झाली. सवलत जास्त, पण न खपलेला माल सहसा परत घेत नाहीत. म्हणून दुकानदार अंदाजाने मागवत नाही, गिऱ्हाइकांची आगाऊ मागणी मोजून मागवतो, आणि मालिका चालू ठेवायची की बंद करायची हे त्या मागणीवर ठरतं. पुस्तक दुकानांत जाणारे संग्रह मात्र परत करता येतात. परिणाम असा की 'संग्रह आल्यावर घेऊ' म्हणून थांबलेला वाचक सुरुवातीच्या मोजणीत दिसतच नाही. पाचव्या-सहाव्या अंकाला मालिका गुंडाळली जाते आणि ज्या दुसऱ्या संग्रहाची वाट बघत होता तो येतच नाही. मोठ्या नायकांना काही होत नाही, मरण नव्या आणि छोट्या मालिकांचं.

पैशाचं गणितही असंच. लेखक-चित्रकाराला पानामागे मिळणारं मानधन आणि रंग-अक्षरांचा खर्च मासिक अंकांतून निघतो. संग्रह म्हणजे तयार पानांची दुसरी छपाई, म्हणून तो स्वस्त देणं परवडतं. ३.९९चे सहा अंक म्हणजे २३.९४ डॉलर. 'सागा'चा पहिला खंड २०१२ साली ९.९९ला होता, सहा अंक, तेही पहिला दुप्पट जाड. वाचकाला चटक लावायची म्हणून पहिला खंड जवळजवळ पडेल भावात. त्यानंतरचे त्या भावात नाहीत.

बाजार पुस्तकाकडे वळलाय यात वाद नाही. उत्तर अमेरिकेत २०१९ साली सुट्या अंकांची विक्री सुमारे साडेपस्तीस कोटी डॉलर आणि पुस्तकरूपातल्यांची सुमारे साडेशहात्तर कोटी डॉलर, असा व्यवसायातला अंदाज होता. पण त्या पुस्तकांत मुलांची पुस्तकं आणि जपानी मांगा यांचा वाटा फार मोठा आहे. त्यावरून 'सुपरहीरोंचे ट्रेड दुपटीने खपतात' असा अर्थ काढणारे घाई करतात.

कोणी अंक सोडून थेट पुस्तकाकडे गेलंय का? लेखक एड ब्रुबेकर आणि चित्रकार शॉन फिलिप्स. त्यांच्या 'क्रिमिनल'च्या सुट्या अंकांत मागच्या पानांवर गुन्हेपटांवरचे लेख यायचे, जे संग्रहात मुद्दाम घेतले जात नसत. सुटा अंक घेणाऱ्याला ते बक्षीस. तीच जोडी २०२०च्या शेवटी 'रेकलेस' घेऊन आली ती थेट पुठ्ठाबांधणीत, २४.९९ डॉलर, मध्ये सुटा अंकच नाही. दरवेळी पूर्ण कथा, दर काही महिन्यांनी एक पुस्तक. पण हे कुणाला जमतं? ज्यांचा वाचकवर्ग पंधरा-वीस वर्षांत बांधला गेलाय त्यांना. नवख्याने दोनशे पानं काढून संपेपर्यंत खायचं काय?

उलटा प्रवासही झालाय. 'लव्ह अँड रॉकेट्स' हे हर्नांडेझ बंधूंचं नियतकालिक १९८२पासूनचं. २००८ साली ते वर्षाला एक अशा शंभर पानी पुस्तकांवर गेले, आणि २०१६ साली पुन्हा पिना मारलेल्या अंकांवर परत आले. वर्षातून एकदाच भेटणारा लेखक वाचकाच्या सवयीतून निसटतो.

संग्रहात काय नसतं? वाचकांची पत्रं जवळजवळ कधीच नसतात, जाहिराती नसतात, मागच्या पानांवरच्या छोट्या पूरककथा कधी असतात कधी नाही. आणि हक्कांचा घोळ असलेल्या मालिकांचे संग्रहच नसतात. 'रॉम' ही मार्व्हलची मालिका १९७९ ते १९८६ चालली, पण नायक मूळचा खेळणं, हक्क खेळणी कंपनीकडे. पहिला जाडजूड संग्रह उगवला २०२४ साली. तोपर्यंत जुने पिवळे अंक हाच मार्ग होता. अशा मालिकांचे अंक हाती असतील तर 'संग्रह येईलच' म्हणून रद्दीत घालू नका.

आणि एक जाताजाता. संग्रह समोर ठेवून लिहायला लागल्यापासून गोष्टी पातळ झाल्या आहेत. स्पायडरमॅनचा जन्म १९६२ साली ११ पानांत झाला: चावा, कुस्ती, काकाचा खून, पश्चात्ताप, सगळं. २००० साली 'अल्टिमेट' मालिकेत त्याच गोष्टीला सात अंक लागले. ते सात अंक एका बैठकीत झकास वाचून होतात हे मान्य. पण महिन्याला एक घेणाऱ्याला तेवढ्यासाठी कित्येक महिने थांबावं लागलं. तेव्हा आजच्या मोठ्या नायकांच्या मालिकांपुरतं तुमचं थांबणं शहाणपणाचं आहे, जुन्या अंकांना तो नियम लागू नाही.

---

कोपऱ्यातला_कप्पा:

@दोन_पिना, मुद्दा पोचला. दोन छोट्या मालिका अंकांतच चालू ठेवतो, मोठ्या नायकांचं पुस्तकात बघतो. उरला क्रम आणि इंद्रजाल. शेजारचा बाइंडर म्हणतो 'आणून द्या, दोन दिवसांत बांधून देतो, वह्यांसारखं.' हे 'वह्यांसारखं' ऐकून हात आखडला आहे.

---

खळ_आणि_दोरा:

हात आखडलात ते बरं केलंत. 'वह्यांसारखं' म्हणजे सगळे अंक एकावर एक रचून कडेला टोचा मारून आरपार शिवायचं आणि तिन्ही बाजू मशीनवर कापायच्या. कार्यालयातल्या फायलींना हे चालतं. कॉमिक्समध्ये आतला समास जेमतेम सेंटिमीटरभर असतो. टोचा तेवढाच खातो, आणि वेताळाचे निम्मे संवाद शिलाईत जातात. वरून कटिंगमध्ये चौकटीच्या कडा छाटल्या जातात.

मागायची ती जुजबंदी. प्रत्येक अंक आधीच दुमडलेला आहे, म्हणजे तो आपोआप एक जुज आहे. त्या घडीतूनच दोरा गेला पाहिजे.

त्याआधी कागदाची परीक्षा. हा कागद वर्तमानपत्री जातीचा, आम्लधर्मी, त्यामुळे कालांतराने पिवळा होतो आणि मग कुरकुरीत. खराब झालेल्या एखाद्या पानाचा अगदी छोटा कोपरा दुमडा, उलटा दुमडा. दोन-तीन वेळात तुटला तर त्या अंकाला शिवण सोसणार नाही, दोराच घडी कापून काढेल. असे अंक बाजूला काढा आणि पाठीमागे आम्लविरहित पुठ्ठा ठेवून एकेकटे पिशवीत ठेवा. बांधणीला घ्यायचे ते लवचीक राहिलेलेच.

मग पिना. दमट हवेत त्या गंजतात आणि भोवतीचा कागद खातात, म्हणून काढायच्याच. अंक मधोमध उघडा, आतल्या बाजूला वळलेली पिनेची टोकं बोथट सुरीने उभी करा आणि बाहेरून पाठ हलकेच उचला. पिन खेचलीत तर भोक फाटलंच म्हणून समजा. घडीवर फाटलेल्या कागदांना पातळ जपानी टिश्यूची पट्टी गव्हाच्या खळीने लावा. सेलोटेप अजिबात नको, तिचा डिंक दहा वर्षांत तपकिरी होऊन आरपार उतरतो. आपल्याकडे खळीत किडीसाठी मोरचूद घालायची पद्धत आहे, पण आधीच आम्लाने खचलेल्या कागदाला तांबं आणखी पोखरतं. बाइंडरला मोरचुदाशिवाय ताजी खळ करायला सांगा. नाक मुरडेल, पण करेल.

कव्हर काढून वेगळं ठेवू नका, प्रत्येक अंकाभोवती त्याचं त्याचं कव्हर तसंच राहू द्या. तेच जुजाला बाहेरून आधार देतं.

जाहिरातींची पानं काढावीत का, असा प्रश्न पडेल. पडला तरी काढू नका. सेंटर पिनच्या अंकात प्रत्येक पान दुसऱ्या एका पानाशी एकाच कागदाने जोडलेलं असतं. ३२ पानी अंकात जोडीची बेरीज ३३ येते: ५चा जोडीदार २८, ६चा २७. तुम्ही ५-६ची जाहिरात फाडली की २७-२८ सुटं होऊन पडतं, आणि तिथे बहुधा कथेचा शेवट असतो.

साठ अंक एका पुस्तकात कोंबू नका. बारा ते पंधरा अंकांचा एक खंड, म्हणजे चार-पाच खंड. कणा साधारण एक इंचाच्या आत राहिला की पुस्तक नीट उघडतं. वर-खाली सोडून घडीवर चार-पाच ठिकाणी भोकं, जुनी पिनेची भोकं फाटलेली असतील तर ती टाळून. मेणावलेला सुती दोरा, कण्यावर आडव्या तीन फिती, शिवण फितींवरून. फार जाड दोरा घेतला तर कण्याकडची बाजू फुगते, फार बारीक घेतला तर तो कागद कापतो. शिवून झाल्यावर कण्याला पातळ सरस किंवा पांढरा गोंद, वर मलमलीची पट्टी, पुढेमागे कोऱ्या कागदाचं अस्तर आणि मग पुठ्ठा, पाठीला कापड.

अंकांची उंची एक-दोन मिलीमीटरने कमीजास्त असणारच. बाइंडरचा हात लगेच कटिंग मशीनकडे जातो. त्याला लेखी सांगा: वरची कड जुळवायची, कापायचं काहीच नाही. खालची कड थोडी दातेरी राहील, राहू दे.

क्रम लावताना कव्हरवरचा क्रमांक बघा. नंतरच्या अंकांवर सलग क्रमांकाऐवजी खंड आणि अंक असे दोन आकडे आहेत. १९६४ ते १९९० या काळात सगळे मिळून ८०३ अंक निघाले, तेव्हा तुमच्या साठांत मोठ्या फटी असणारच. अशा वेळी क्रमांकाने बांधण्यापेक्षा वेताळ एका खंडात, मँड्रेक दुसऱ्यात, बहादूर तिसऱ्यात, असं नायकाप्रमाणे बांधलेलं वाचायला बरं. दोन भागांत विभागलेल्या गोष्टी तेवढ्या शेजारी ठेवा. आणि एखादा दुर्मीळ, अगदी सुस्थितीतला अंक असेल तर तो बांधू नका. एकदा पिना काढल्या की संग्राहकाच्या लेखी त्याची किंमत पडते, आणि ती पुन्हा चढत नाही.

---

उत्तररात्र:

क्रमाचं लिहायचं राहिलं होतं.

एकाच लेखकाची सरळ मालिका असेल तर प्रश्नच नाही, खंड १, २, ३. घोळ होतो तो अनेक मालिकांतून फिरणाऱ्या कथांत. प्रकाशक दोन प्रकारे संग्रह काढतात: प्रत्येक मालिकेचं वेगळं पुस्तक, किंवा सगळे अंक वाचनाच्या क्रमाने गुंफलेलं एक पुस्तक. कधीही दुसरं घ्या. २०१९मधल्या एक्स-मेनच्या 'हाउस ऑफ एक्स' आणि 'पावर्स ऑफ एक्स' या सहा-सहा अंकांच्या दोन मालिका होत्या, दर आठवड्याला एक अंक अशा एकमेकींत गुंतलेल्या. बारा अंकांचा जो एकत्र संग्रह आहे त्यात ते प्रकाशनाच्या क्रमाने गुंफलेत. ज्याने एक मालिका सलग वाचून मग दुसरी घेतली, त्याला अर्धी गोष्ट उलगडून सांगितल्यावर कोडं घातल्यासारखं वाटतं.

आपल्याकडचं याचं चांगलं उदाहरण म्हणजे अमर चित्र कथेचं 'महाभारत'. ४२ अंकांत आलेली ती मालिका पुढे तीन जाड खंडांत निघाली. सलग कथा, ठरलेली पानसंख्या, शेवट आधीच ठाऊक, त्यामुळे संग्रह करताना काहीच ओढाताण झाली नाही.

खंड संपून गेला तर घाबरून अव्वाच्या सव्वा भावात घेऊ नका. मोठ्या कंपन्या लोकप्रिय ओम्निबस पुन्हा छापतात, दोन-तीन वर्षं जातात एवढंच. छोट्या प्रकाशकांचं तसं नाही, तिथे दिसलं की घ्यावं. शिवाय पुरवठ्याची घडी सध्या विस्कटलेली आहे. वर्षानुवर्षं बहुतेक सगळा माल डायमंड या एकाच वितरकाकडून यायचा. २०२०मध्ये डीसी बाहेर पडली, २०२१मध्ये मार्व्हल, आणि जानेवारी २०२५मध्ये डायमंडने दिवाळखोरीचा अर्ज केला. छोट्या प्रकाशकांचे जुने खंड मिळायला वेळ लागतोय तो त्यामुळे.

मुंबई-कोकणातल्यांसाठी पावसाळ्याचं एक. चकचकीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो. असं पुस्तक भिजून तसंच वाळलं की पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट होते, आणि मग ती सुटत नाहीत. भिजल्याबरोबर पानापानांत बटर पेपर घाला. तेव्हा वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून सरळ फ्रीझरमध्ये टाका आणि सवडीने काढा. जुना वर्तमानपत्री कागद नुसता सुरकुततो, त्याला एवढी घाई नसते.

दोन-तीन किलोचे ओम्निबस उभे ठेवताना दोन्ही बाजूंनी आधार द्या. सैल उभे राहिले की पानांचा गठ्ठा स्वतःच्या वजनाने खाली ओढला जातो आणि वरच्या बाजूने कण्यापासून सुटायला लागतो. कप्पा खोल असेल तर सरळ आडवे ठेवा, दोनाच्या वर थर नको.

---

दोन_पिना:

@खळ_आणि_दोरा, एक भर. बांधायला देण्याआधी प्रत्येक अंकाचं कव्हर आणि पानसंख्या मोबाइलने टिपून ठेवावी, आणि प्रत्येक जुजाच्या पहिल्या कोऱ्या जागी पेन्सिलने बारीक क्रमांक घालावा. बाइंडरकडे गठ्ठा घसरला की सुटे झालेले कागद कोणत्या अंकाचे हे त्याला कळण्याचा दुसरा मार्ग नसतो. बॉलपेनने मात्र लिहू नका, मागच्या पानावर उमटतं.